नोकरीच्या मुलाखतीतील गटनेतृत्वविषयक प्रश्न

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराची इतरांना बरोबर घेऊन काम करण्याची क्षमता अजमावण्यासाठी जे प्रश्न विचारले जातात, त्यांना गटनेतृत्वविषयक प्रश्न म्हणतात. "चांगल्या गटप्रमुखाच्या अंगी कोणते गुण असावेत?" हा त्यांपैकी सर्वांत परिचित प्रश्न होय. खासगी कंपन्या, बँका, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था, लोकसेवा आयोग आणि सैन्यदले अशा सर्वच ठिकाणच्या निवडप्रक्रियेत तो वेगवेगळ्या शब्दांत आढळतो.

वरवर पाहता हा प्रश्न गुणांची यादी मागतो. प्रत्यक्षात मुलाखतकाराला उमेदवाराच्या वर्तनाचा पुरावा हवा असतो. ज्याने यापूर्वी नोकरी केलेली नाही किंवा ज्याच्या हाताखाली कधी कोणी काम केलेले नाही, अशा उमेदवाराला हा पुरावा आपल्यापाशी नाही असे वाटण्याची शक्यता असते. मोठे उद्योग कमी आणि शेतीवर अवलंबून असलेली लोकसंख्या अधिक, अशा धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यातील पदवीधरांपुढे ही अडचण विशेषत्वाने उभी राहते. मात्र याच जिल्ह्यात गेल्या काही दशकांत हुद्द्याविना उभ्या राहिलेल्या नेतृत्वाची अनेक उदाहरणे घडलेली आहेत. त्यांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप समजून घेता येते.

प्रश्नाचा हेतू

गटाचे नेतृत्व म्हणजे समान उद्दिष्टासाठी काम करणाऱ्या व्यक्तींना दिशा देणे, त्यांच्यात कामाची वाटणी करणे, अडथळे दूर करणे आणि परिणामाची जबाबदारी स्वीकारणे. नेतृत्व आणि अधिकारपद या दोन भिन्न बाबी आहेत. अधिकारपद नियुक्तीने मिळते. नेतृत्व मात्र इतरांनी मान्य केल्यावरच अस्तित्वात येते.

म्हणूनच कनिष्ठ पदाच्या मुलाखतीतही नेतृत्वाविषयी प्रश्न विचारले जातात. नव्याने रुजू होणाऱ्या लिपिकाला किंवा कनिष्ठ अभियंत्याला लगेच गटप्रमुख करण्याचा संस्थेचा विचार नसतो. सहकाऱ्याचे काम मागे पडल्यास तो काय करील, वरिष्ठांशी मतभेद झाल्यास तो कसा मांडील आणि काम फसल्यास दोष कोणावर टाकील, एवढे जाणून घेण्यासाठी हा प्रश्न असतो.

अभ्यासाचा इतिहास

गटनेतृत्वाच्या प्रायोगिक अभ्यासात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन महत्त्वाचे मानले जाते. अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या छोट्या मंडळांवर त्यांनी हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त अशा तीन नेतृत्वशैलींचा परिणाम तपासला. हुकूमशाही पद्धतीच्या मंडळांत प्रमुख समोर असेपर्यंत काम जोरात चाले. तो खोलीबाहेर जाताच ते मंदावे. लोकशाही पद्धतीच्या मंडळांत प्रमुखाच्या अनुपस्थितीतही काम बऱ्याच अंशी सुरू राही. "तुम्ही नसताना तुमच्या गटाचे काम चालते का?" या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नामागे हेच तत्त्व आहे.

मुलाखतीच्या तंत्राचा विकास स्वतंत्रपणे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाच्या मानसशास्त्रीय कार्यक्रमात जॉन फ्लॅनगन यांनी प्रभावी आणि अप्रभावी वर्तनाच्या प्रत्यक्ष घटना गोळा करण्याची पद्धत वापरली. १९५४ मध्ये त्यांनी ती "निर्णायक घटना तंत्र" या अर्थाच्या नावाने मांडली. व्यक्तीचे गुण विशेषणांनी सांगण्याऐवजी तिने विशिष्ट प्रसंगी काय केले हे नोंदवावे, असा तिचा गाभा होता. १९८० मध्ये गॅरी लॅथम व सहकाऱ्यांनी "अमुक परिस्थितीत तुम्ही काय कराल?" अशा स्वरूपाची प्रसंगनिष्ठ मुलाखत मांडली. १९८२ मध्ये टॉम जॅन्झ यांनी "अमुक परिस्थितीत तुम्ही काय केले?" असे विचारणाऱ्या वर्तननिष्ठ मुलाखतीचा अभ्यास प्रसिद्ध केला.

सर्व उमेदवारांना सारखेच प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणे याला संरचित मुलाखत म्हणतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये केलेल्या संशोधन-संकलनात संरचित मुलाखत आणि पुढील कामगिरी यांचा सहसंबंध ०.५१, तर असंरचित मुलाखतीचा ०.३८ आढळला. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील फेरतपासणीत संरचित मुलाखतीचा आकडा ०.४२ पर्यंत खाली आला. तरीही तपासलेल्या निवडपद्धतींत ती अग्रस्थानी राहिली.

प्रश्नांचे प्रकार

गटनेतृत्वविषयक प्रश्नांचे सर्वसाधारणपणे चार प्रकार पडतात.

१. मतविषयक प्रश्न: "चांगला नेता कोणास म्हणावे?", "तुमचा आदर्श नेता कोण?" यांत उमेदवाराची विचारांची स्पष्टता दिसते.

२. अनुभवविषयक प्रश्न: "गटातील मतभेद मिटवल्याचा एखादा प्रसंग सांगा." यांत प्रत्यक्ष घडलेली घटना अपेक्षित असते.

३. काल्पनिक प्रसंग: "तुमच्या गटातील सर्वांत अनुभवी सहकारी तुमचे ऐकत नसेल, तर काय कराल?" यांत निर्णयशक्तीची चाचणी होते.

४. आत्मपरीक्षणाचे प्रश्न: "तुमच्या नेतृत्वातील उणीव कोणती?", "तुमच्यामुळे एखादे काम बिघडले आहे का?" यांत प्रामाणिकपणा आणि शिकण्याची वृत्ती पाहिली जाते.

मतविषयक प्रश्नालाही अनुभवाची जोड देता येते. एखादा गुण सांगून थांबण्याऐवजी तो गुण का महत्त्वाचा वाटतो आणि तो कोठे अनुभवास आला, हे सांगितल्यास उत्तर पडताळण्याजोगे होते.

अपेक्षित गुण

निवडप्रक्रियेत वारंवार अपेक्षिले जाणारे गुण आणि त्यांची वर्तनातील खूण पुढीलप्रमाणे सांगता येते.

ऐकून घेण्याची क्षमता: निर्णयापूर्वी संबंधितांचे म्हणणे विचारले होते का, आणि ते ऐकून मूळ बेतात काही बदल केला होता का.

कामाची योग्य वाटणी: कोणाला कोणते काम का दिले, याचे कारण सांगता येते का.

निर्णयक्षमता: माहिती अपुरी असताना कशाच्या आधारे निर्णय घेतला.

निःपक्षपातीपणा: जवळच्या मित्रालाही इतरांसारखाच नियम लावला का.

उत्तरदायित्व: काम फसले तेव्हा ते कोणी आणि कोणत्या शब्दांत मान्य केले.

श्रेय देण्याची वृत्ती: यशाचे वर्णन करताना इतरांचा वाटा नेमकेपणाने सांगता येतो का.

मुलाखतीत सर्वच गुणांचा उल्लेख करणे आवश्यक नसते. पदाच्या स्वरूपाशी जुळणारे दोन किंवा तीन गुण निवडून ते उदाहरणासह मांडल्यास उत्तर दोन मिनिटांत पूर्ण होऊ शकते.

उत्तराची मांडणी

अनुभवविषयक प्रश्नांच्या उत्तरासाठी "स्टार" नावाची पद्धत प्रचलित आहे. हे नाव चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. मराठीत ते टप्पे परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम असे सांगता येतात. परिस्थिती एक-दोन वाक्यांत सांगून बराचसा वेळ कृतीला द्यावा, असे या पद्धतीत अभिप्रेत आहे. अनेकदा याउलट घडते. पार्श्वभूमी लांबते आणि उमेदवाराने स्वतः काय केले हे एका वाक्यात उरकले जाते.

मराठीतून उत्तर देताना भाषेची एक विशेष अडचण येते. स्वतःविषयी बोलताना "मी" टाळून "आम्ही" म्हणणे विनयाचे लक्षण समजले जाते. शिवाय कार्यालयीन मराठीत "ठरविण्यात आले", "काम पूर्ण करण्यात आले" अशी कर्ता लपविणारी वाक्यरचना रूढ आहे. अशा उत्तरातून गटाने काय केले हे कळते, पण उमेदवाराचा वाटा कळत नाही. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक वाक्यात "मी" आल्यास गटच नाहीसा होतो. यावरचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक कृतीचा खरा कर्ता सांगणे: निर्णय माझा असेल तर "मी ठरवले", सर्वांनी मिळून घेतला असेल तर "आम्ही ठरवले", आणि कल्पना दुसऱ्याची असेल तर "ती सूचना एका सहकाऱ्याची होती". विनय आणि स्पष्टता यांत त्यामुळे विरोध राहत नाही.

उदाहरण

पुढील प्रसंग केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेला आहे. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर एका खेड्यात भरले आहे. वीस स्वयंसेवकांच्या तुकडीला सांडपाणी जिरवण्यासाठी बारा शोषखड्डे खणायचे आहेत. तुकडीप्रमुख असलेल्या विद्यार्थिनीला पुढे मुलाखतीत नेतृत्वगुणांविषयी विचारले जाते.

पहिल्या प्रकारचे उत्तर असे असू शकते: "नेत्याकडे आत्मविश्वास, संवादकौशल्य, दूरदृष्टी आणि प्रामाणिकपणा हवा. हे सर्व गुण माझ्यात आहेत. शिबिरात माझ्या नेतृत्वाखाली अनेक शोषखड्डे यशस्वीरीत्या पूर्ण करण्यात आले." या उत्तरात चूक असे काही नाही. मात्र ते कोणत्याही उमेदवाराच्या तोंडी शोभेल आणि त्यातील एकही दावा तपासता येत नाही.

दुसऱ्या प्रकारचे उत्तर असे: "माझ्या मते गटप्रमुखाने अडचण लवकर ओळखून ती गटापुढे उघडपणे मांडली पाहिजे. आमच्या शिबिरात बारा शोषखड्ड्यांचे उद्दिष्ट होते. तिसऱ्या दिवसअखेर दोनच झाले होते, कारण वरच्या मातीखाली कठीण मुरूम लागला आणि आमच्याकडे टिकाव-फावडी होती, पहारी नव्हत्या. मी संध्याकाळी सर्वांना एकत्र बसवून काय अडते ते विचारले. गावातून पहारी मागून आणण्याची सूचना एका सहकाऱ्याने केली. मी पाच-पाच जणांच्या चार तुकड्या केल्या आणि खणणारे व दगड भरणारे दर तासाने बदलतील असे ठरवले. ज्यांच्या घरापुढे खड्डा होता, त्या कुटुंबांनाही मदतीस बोलावले. शेवटी नऊ खड्डे झाले, तीन राहिले. जागा आधी पाहून जमीन तपासली असती तर हे उद्दिष्ट आम्ही ठरवलेच नसते. पुढच्या वर्षीच्या तुकडीला मी ते लिहून दिले."

दुसऱ्या उत्तरात उद्दिष्ट पूर्ण झालेले नाही, तरीही ते अधिक विश्वासार्ह ठरते. त्यात अडचण, निर्णय, इतरांचे श्रेय, अपुरा परिणाम आणि मिळालेला धडा हे सर्व आहे. "पहारी कोणी दिल्या?", "कोणी काम करायला नकार दिला का?" असे उपप्रश्न आले, तरी खरा अनुभव असल्यास उत्तर सुचते. पाठ केलेले किंवा रचलेले उत्तर सहसा याच टप्प्यावर उघडे पडते.

धाराशिव जिल्ह्यातील अनुभवक्षेत्रे

धाराशिव हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे त्याचे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ होती. २०१८ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोली यांच्यासह या जिल्ह्याचा समावेश झाला. येथील सार्वजनिक जीवनातील पुढील क्षेत्रांत नेतृत्वाचे वर्तन स्पष्टपणे दिसते.

भूकंपानंतरचे पुनर्वसन

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो लोकांचा बळी घेतला. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात काही गावे नव्या जागी वसविण्यात आली. ज्या गावांतील घरांना तडे गेले होते पण ती पूर्ण पडली नव्हती, तेथे दुरुस्ती आणि बळकटीकरणाचे काम घरमालकांनीच शासकीय मदतीतून करावे, अशी योजना होती. या कामात लोकसहभाग वाढविण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आली. गावोगावी "संवाद सहाय्यक" नेमण्यात आले आणि त्यांत महिला मंडळांतील स्त्रियांचा मोठा सहभाग होता. शासनाची योजना कुटुंबांना समजावून देणे, भूकंपरोधक बांधकामाविषयी जागृती करणे आणि गावाच्या अडचणी अभियंते व अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविणे, ही त्यांची कामे होती.

या स्त्रियांकडे आदेश देण्याचा अधिकार नव्हता. माहिती अचूक सांगणे, ती पुन्हापुन्हा सांगणे आणि लोकांचा विश्वास टिकविणे एवढ्याच बळावर त्यांनी काम केले. पुढे याच जाळ्यातून बचत गट, आरोग्य आणि शेती या क्षेत्रांत स्त्रियांचे नेतृत्व विकसित झाले. कुटुंबाच्या जमिनीपैकी साधारण एक एकरावर स्त्रियांनी स्वतःच्या निर्णयाने अन्नपिके घेण्याची पद्धत मराठवाड्यात रुजविण्याच्या कामाचा त्यात समावेश होतो. तुळजापूर तालुक्यातील गोदावरी डांगे या अशा कामातून पुढे आलेल्या कार्यकर्त्या म्हणून ओळखल्या जातात. स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

महिला बचत गट

महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या (उमेद) पद्धतीत गटाने नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अचूक लेखे ही पंचसूत्री पाळणे अपेक्षित असते. गटाला अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष असतात. थकलेला हप्ता नातलगाकडून मागणे, दोन सभासदांनी एकाच वेळी कर्ज मागितल्यास प्राधान्य ठरविणे आणि हिशेब सर्वांपुढे वाचून दाखविणे हे प्रसंग निःपक्षपातीपणा व उत्तरदायित्व यांची कसोटी पाहणारे असतात. "गटातील एखादी व्यक्ती नियम पाळत नसेल तर काय कराल?" या प्रश्नाला बचत गटाच्या सचिव राहिलेल्या उमेदवाराकडे प्रत्यक्ष अनुभवाचे उत्तर असते. स्वतः सभासद नसलेल्या, परंतु आईच्या किंवा शेजारच्या गटाचे लेखे लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हा अनुभव काही प्रमाणात मिळतो. मात्र तो सांगताना आपली भूमिका लेखनिकाची होती, हे स्पष्ट करणे आवश्यक असते.

जलसंधारण आणि श्रमदान

राज्य शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. पाणी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि नंतर तिचा विस्तार धाराशिव जिल्ह्यातील तालुक्यांपर्यंत झाला. अशा कामांत गावातील निवडक व्यक्ती प्रशिक्षण घेतात आणि परत येऊन श्रमदानासाठी लोक गोळा करतात. मजुरी नाही आणि सक्तीही नाही, अशा स्थितीत उन्हाळ्यात लोकांना सलग अनेक दिवस कामावर आणणे हे नेतृत्वाचे कठीण उदाहरण होय. मुलाखतीत या अनुभवाचा उल्लेख करताना गावात किती काम झाले यापेक्षा पहिल्या दिवशी न आलेली माणसे पुढे कशी आली, याचे वर्णन अधिक उपयुक्त ठरते.

शासकीय सेवा आणि सैन्यदले

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतात. आयोगाने सांगितलेल्या निकषांत मानसिक सतर्कता, विचारांची स्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातील समतोल आणि सचोटी यांच्याबरोबर सामाजिक एकोपा साधण्याची व नेतृत्वाची क्षमता यांचाही समावेश आहे. ही चाचणी उलटतपासणी नसून हेतुपूर्वक केलेले सहज संभाषण असावे, अशी आयोगाची भूमिका आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत २०२५ पासूनच्या वर्णनात्मक पद्धतीनुसार लेखी परीक्षेला १७५० आणि मुलाखतीला २७५ गुण आहेत. मुलाखत मराठीतून देता येते. उमेदवाराचा मूळ जिल्हा, शिक्षण आणि छंद यांवरही प्रश्न येत असल्याने आपल्या जिल्ह्याच्या प्रश्नांची जाण नेतृत्वविषयक उत्तरातही उपयोगी पडते.

सैन्यदलांच्या सेवा निवड मंडळाची प्रक्रिया पाच दिवस चालते आणि तिथे नेतृत्वाविषयी केवळ बोलून भागत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या आणि वैयक्तिक मुलाखतीबरोबर मैदानावर गटचाचण्या होतात. प्रगतिशील गटकार्यात फळ्या, दोर आणि पिंप यांच्या साह्याने अडथळे पार करायचे असतात आणि कोणालाही प्रमुख नेमलेले नसते. पुढाकार कोण घेतो व इतरांची कल्पना कोण स्वीकारतो, हे परीक्षक पाहतात. आदेशकार्यात मात्र उमेदवाराला प्रमुख नेमून त्याला आपले सहकारी निवडू दिले जातात. मराठवाड्यात या प्रक्रियेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे कार्यरत आहे.

मर्यादा

गटनेतृत्वविषयक प्रश्नांच्या उत्तरांतून नेतृत्वाचे केवळ वर्णन मिळते. उत्तम कथन करणारा उमेदवार उत्तम गटप्रमुख असेलच असे नाही, आणि शांतपणे काम करणाऱ्या व्यक्तीला आपले काम शब्दांत मांडता येईलच असेही नाही. इंग्रजीतून होणाऱ्या मुलाखतीत ग्रामीण भागातील आणि कुटुंबातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांना भाषेचा अडसर जाणवतो. शिकवणीवर्गांतून पाठ केलेल्या साचेबंद उत्तरांमुळेही प्रश्नाचा हेतू काही अंशी निष्फळ होतो.

मुलाखतकाराचा पूर्वग्रह ही दुसरी मर्यादा होय. मोठा आवाज, सफाईदार बोलणे किंवा शहरी पेहराव यांनाच नेतृत्व समजले गेल्यास श्रमदानाला गाव गोळा करणारी किंवा बचत गटाचे लेखे चोख ठेवणारी व्यक्ती मागे पडू शकते. सर्वांना सारखे प्रश्न विचारणे, गुणदानाचे निकष आधीच ठरविणे, एकापेक्षा अधिक परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण देणे आणि कार्यानुभवाबरोबर सामाजिक कामाचा अनुभवही ग्राह्य धरणे, हे या मर्यादा कमी करण्याचे उपाय होत. उमेदवाराच्या हाती असलेला उपाय त्याहून साधा आहे. आपण केलेल्या सामूहिक कामांची तारीख, आपली भूमिका, आलेली अडचण आणि झालेला परिणाम यांची नोंद वेळच्या वेळी करून ठेवल्यास मुलाखतीत गुणांची यादी आठवावी लागत नाही.

हे सुद्धा पहा

मुलाखत
नेतृत्व
महाराष्ट्र लोकसेवा आयोग
राष्ट्रीय सेवा योजना
१९९३ चा लातूर भूकंप
धाराशिव जिल्हा